चौदा मिनिटं उशिरा

"अप्पा, तुम्ही यशस्वी आहात," डॉक्टर तरन्नुम काझी म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा पडदा मन्मथअप्पांकडे फिरवला.

मन्मथअप्पा हालकुडेंना अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे असं तोंडावर कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. बायकोनं कधी म्हटलं नव्हतं आणि दालमिलच्या मालकानं तर नव्हतंच नव्हतं. पडद्यावर त्यांचा स्वतःचाच जबडा होता. वर सहा आणि खाली चार असे टायटॅनियमचे दहा स्क्रू हाडात रुतलेले, त्यांवर घट्ट बसवलेल्या दातांच्या दोन अखंड कमानी. काढायच्या नाहीत, रात्री पेल्यात ठेवायच्या नाहीत. २०३१ च्या एप्रिलात लातूरच्या याच दवाखान्यात बसवल्या होत्या. येत्या एप्रिलला दहा वर्षं होणार होती आणि एक स्क्रू हलला असेल तर शपथ.

"यशस्वी आहे तर तुमचं तोंड का असं उतरलंय मॅडम?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "कागदावर यशस्वी. पण हे बघा. स्क्रूच्या मानेपाशी हाड खाली सरकतंय. पहिली पाच वर्षं हललं नव्हतं. गेल्या चार वर्षांत सरकलं."

चार वर्षांचा हिशेब अप्पांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी इंदुमती गेली होती.

"हाडाचं कसं असतं अप्पा," डॉक्टर सांगू लागल्या, "त्याला काम दिलं तर ते राहतं. तुम्ही कडक काही चावलं की स्क्रू हाडाला किंचित रेटतो, आणि तेवढ्या रेट्यावर हाड नवं बनत राहतं. रेटा बंद झाला की शरीर म्हणतं, याची गरज नाही, काढा. आणि तुमच्या स्क्रूमधल्या चिपनं मला सगळं सांगितलंय. सकाळी दूध-पोळी कुस्करून. दुपारी दहीभात. रात्री दूधभात. चावता कधी तुम्ही?"

एकट्या माणसानं भाकरी थापायची कुणासाठी, हा प्रश्न अप्पांनी डॉक्टरांना विचारला नाही.

"एकटी राहणारी सगळी माणसं अशीच जेवतात," डॉक्टर जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "या दातांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात आमच्याकडे चारशे जण आहेत. जोडीदार गेला की वर्षभरात हाड उतरायला लागतं. म्हणून अभ्यास चालवणाऱ्या पुण्याच्या लोकांनी एक नवीन काढलंय. दोन माणसांची जोडी लावायची. तिकडच्यानं घास चावला की इकडे तुमच्या स्क्रूला अगदी बारीक कंप सुटतो. तो जसा दाबेल तसा वाढतो, घास फुटला की थांबतो. तुम्ही चावलं की तसंच त्याला तिकडे. थोडक्यात, पंगत."

"पलीकडं कोण असणार?"

"ते मलाही कळत नाही. ज्यांची चावायची लय जुळते त्यांची जोडी पुण्याचं यंत्र लावतं. नाव नाही, गाव नाही. आणि हे फक्त तीस एप्रिलपर्यंत हं. दहा वर्षं भरली की अभ्यास संपला, फाइल बंद, कंप बंद. तेवढ्या सात महिन्यांत तुम्हाला चावायची सवय लागली म्हणजे झालं."

अप्पांनी सही केली. यंत्रबिंत्र काही नको होतं त्यांना, पण मॅडमचं मन मोडवेना.

आता अप्पांचं आणि दातांचं जुनं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. अप्पा दालमिलमध्ये दाणा बघणारे मिस्त्री होते. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात पसरतात आणि मग भरडतात. ती वाळली की नाही, हे ठरवायचं अप्पांनी. एक दाणा उचलायचा, पुढच्या दातांनी दोनदा हलकेच दाबायचा, थांबायचं, मग दाढेखाली घेऊन फोडायचा. दाणा फुटण्याआधी किती दबतो, त्या केसभर दबण्यावरून अप्पा सांगायचे, आणखी दोन उन्हं लागतील. ओलावा मोजायची यंत्रं आली, तरी मालक यंत्राचा आकडा बघून झाला की अप्पांच्या तोंडाकडे बघायचा. मग हिरड्या गेल्या, दात गेले आणि हे नवे पक्के दात आले. पक्के म्हणजे काय, लोखंड चावलं असतं! पण खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक नाजूक पापुद्रा असतो, सगळी जाणीव त्यात. स्क्रूला तो नसतो, तो थेट हाडात. नव्या दातांच्या पहिल्याच हंगामात अप्पांनी ओली तूर वाळली म्हणून सोडली आणि चाळीस क्विंटल डाळीला बुरशी लागली. मालक एक शब्द बोलला नाही. अप्पांनीच दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. लोक हळहळले, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दहा वर्षांत अप्पांच्या तोंडात हजारो घास गेले, पण एकही धड लागला नाही.

जोडी सुरू झाली ती कोजागिरीच्या आदल्या दिवशी. साडेबाराला मिलचा भोंगा झाला. मिल सोडून नऊ वर्षं झाली तरी अप्पा भोंग्याशिवाय ताटावर बसत नसत. दहीभाताचा पहिला घास घेतला आणि चमचा हातातच राहिला. खालच्या जबड्यात उजवीकडे मुंग्या आल्या. मुंग्या वाढत गेल्या, वाढत गेल्या आणि एकदम तुटल्या. पुन्हा वाढल्या, पुन्हा तुटल्या.

"अरे देवा," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "कडक भाकरी!"

दहा वर्षांनी त्यांना घास दबलेला कळला होता. स्वतःचा नव्हे, कुणा परक्याचा. पण तो केवढा दबला, कडेला करपलेला होता, मध्ये जाड होता, सगळं कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि समोर पिठल्यासारखा पडलेला तो दहीभात बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पलीकडचं माणूस काय म्हणत असेल? की हा तोंडात नुसता भात फिरवतोय?

दुसऱ्या दिवशी अप्पा चौकातल्या खानावळीतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले.

पुढच्या महिन्याभरात अप्पांचं घर बदललं. डब्यात फुटाणे आले, पापड आले. सकाळी सातला पलीकडे चहाबरोबर टोस्ट वाजायचा, अप्पाही टोस्ट घ्यायचे. दुपारी भोंगा झाला की अप्पा ताटावर बसून सवयीनं तुरीचा एक दाणा तोंडात टाकत, पुढच्या दातांनी दोनदा दाबत, थांबत, मग फोडत. आणि पलीकडूनही उत्तर यायचं. दोनदा पुढे, थोडी उसंत, मग दाढेखाली. जणू कुणी म्हणतंय, बसा, वाढलंय. मग दोघं जेवत. एकाचा हात थांबला की दुसरा थांबे. एकदा अप्पांना ताप होता, नुसती पेज घेतली. तर पलीकडून चार-चारदा दोन-दोन दाबून विचारणा! अप्पांनी अंथरुणातून उठून एक फुटाणा फोडला, तेव्हा कुठे पलीकडचं जेवण सुरू झालं.

इंदुमती गेल्यापासून त्यांचं असं कुणी अडून बसलं नव्हतं. अप्पांना फार बरं वाटलं आणि त्याच रात्री फार वाईटही वाटलं, कारण कॅलेंडरवर नोव्हेंबर संपत आला होता. म्हणजे पाचच महिने उरले होते.

पुण्याहून मुलगी, गिरिजा, फोनवर चेष्टा करायची. "अप्पा, ती बाई आहे हे कशावरून? तुमच्यासारखाच एखादा मिशीवाला म्हातारा असायचा!"

"बाईच आहे. संकष्टी करते."

"पुरुष करत नाहीत होय संकष्टी?"

"करतात की. पण ही वाढून झाल्यावर जेवते. सगळ्यात शेवटी ताट करून घेणाऱ्या माणसाची खायची रीत वेगळी असते गं. घाई नसते."

गिरिजानं पुढं चेष्टा केली नाही. तिची आई तशीच जेवायची.

संकष्टीवरूनच अप्पांच्या डोक्यात ती भानगड शिरली. महिन्यातून एक दिवस पलीकडे दिवसभर शुकशुकाट. मग रात्री नऊच्या आसपास, चंद्रोदयानंतर, पहिला घास. अप्पांनी कॅलेंडरचं मागचं पान उलटलं. तिथं गावोगावची चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. चंद्र पूर्वेकडच्या गावाला आधी दिसतो, पश्चिमेकडच्या गावाला नंतर. म्हणजे घासाची वेळ कळली तर गाव कळलं! अप्पांना वाटलं, पुण्याच्या यंत्राला आपण शेंडी लावली.

कार्तिकातल्या संकष्टीला लातूरचा चंद्रोदय आठ एकेचाळीसला होता. घास आला आठ पंचावन्नला. चौदा मिनिटं उशिरा. मार्गशीर्षातही चौदा. अप्पांनी चष्मा पुसून यादीवर बोट फिरवलं. सोलापूर नाही, सांगली नाही, कोल्हापूर नाही. चौदा मिनिटं उशिराचं यादीत एकच गाव होतं, रत्नागिरी.

"रत्नागिरीला तुमचं काय काम?" गिरिजानं फोनवर विचारलं.

"समुद्र बघायचाय."

"अडुसष्ट वर्षांत कधी आठवला नाही तो!"

"आता आठवला. तुझ्या आईलाही दाखवायचा राहिला," अप्पा म्हणाले, आणि हे खोटं नव्हतं.

पौषातल्या संकष्टीला अप्पा बसनं रत्नागिरीत उतरले. आता त्या एवढ्या गावात कुणाला शोधणार होते, हे त्यांचं त्यांना ठाऊक! दिवसभर बाजारातून हिंडले. पांढऱ्या केसांची बाई दिसली की तिच्या दातांकडे बघायचे. एका मासळीवालीनं तर विचारलंसुद्धा, "काय बघताव आजोबा, सोयरीक जमवायची हाय काय?" अप्पा पळालेच तिथून. जिल्ह्याच्या दंतवैद्यांकडे गेले, तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की असं नाव देता येत नाही.

संध्याकाळी ते मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. समुद्र समोर आणि चंद्र पाठीमागून, गावाच्या बाजूनं येणार होता, म्हणून अप्पा समुद्राकडे पाठ करून बसले. माडांच्या मागे उजेड झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खिशातला तुरीचा दाणा तोंडात टाकला. मिनिटभरात जबड्यात मुंग्या आल्या. दोनदा पुढे, उसंत, मग दाढेखाली.

"इथंच आहे," अप्पा म्हणाले. "हा चंद्र बघूनच जेवायला बसली."

कुठल्या तरी कौलाखाली, हाकेच्या अंतरावर, एक माणूस त्यांच्याबरोबर जेवत होतं आणि अप्पांना कुठल्या घराची कडी वाजवावी ते कळत नव्हतं. त्या रात्री त्यांनी लॉजवर गादीवर बसून लहान मुलासारखं रडून घेतलं. सकाळच्या बसनं परत आले.

आणि मग माघात वेळ चुकली. लातूरच्या चंद्रोदयाला एक मिनिट होतं न होतं तोच घास आला. अप्पांना वाटलं, गेली असेल कुणा पाहुण्यांकडे. फाल्गुनातही तसंच. चैत्रातही तसंच. अप्पा कासावीस झाले. रत्नागिरी सुटली, आता कुठं शोधायचं? पंचवीस एप्रिलला ते दवाखान्यात जाऊन बसले आणि डॉक्टरांना सगळं भडाभडा सांगून टाकलं, मासळीवालीसकट.

डॉक्टर हसून हसून लाल झाल्या, मग एकदम थांबल्या. त्यांनी कागद ओढला.

"अप्पा, गाव जागचं हलत नाही. रत्नागिरीचा चौदा मिनिटांचा फरक बारा महिने तसाच राहणार. तुमच्या पलीकडच्या माणसाचा फरक थंडीत आहे आणि माघापासून नाही. थंडीत संकष्टीचा चंद्र ईशान्येकडून उगवतो. उन्हाळ्यात दक्षिणेला सरकून आग्नेयेकडून. हे बघा." त्यांनी कागदावर एक घर काढलं. "या घराला आग्नेयेला मोकळं आहे, चंद्र लगेच दिसतो. ईशान्येला काहीतरी उंच आहे. थंडीत चंद्र त्याच्यामागे उगवतो आणि वर यायला चौदा मिनिटं घेतो. ती पंचांग बघून जेवत नाही. प्रत्यक्ष चंद्र दिसल्यावर जेवते."

"म्हणजे गाव..."

"ज्या गावाशी आता वेळ जुळतेय तेच. लातूर."

अप्पांनी तो कागद स्वतःकडे ओढला.

"असं उंच काय आहे लातुरात, रांगेनं?" डॉक्टरांनी विचारलं. पण त्यांना उत्तराची वाट बघावी लागली नाही, कारण अप्पा खुर्चीतून उठले होते. मिलचे चार सायलो. तूर साठवायचे मनोरे, शंभर शंभर फुटी, एकाला एक लागून उभे. ते बांधले तेव्हा अप्पांनीच नारळ फोडला होता.

डॉक्टरांनी आकडेमोड केली. चौदा मिनिटांत चंद्र साडेतीन अंश चढतो. शंभर फुटी सायलोमागून तो तेवढा चढून दिसायचा, तर घर सायलोंच्या नैर्ऋत्येला साधारण अर्ध्या किलोमीटरवर.

"तिथं कोण राहतं?"

"धान्य निवडणाऱ्या बायकांची गल्ली आहे," अप्पा म्हणाले. "आमच्या मिलच्याच."

दुसऱ्या दिवशी अप्पा धुतलेलं धोतर नेसून बाराच्या उन्हात त्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंना बैठी घरं, ओट्याओट्यांवर चादरी पसरून वाळवणं घातलेली. पाठ फिरवून घरी जावं असं दोनदा मनात आलं. कुणी विचारलं, काय पाहिजे, तर काय सांगायचं? गल्लीच्या मध्यावर लिंबाच्या सावलीत ते उभे राहिले. मान वळवून पाहिलं तर घरांच्या वर चार पांढरे सायलो दिसत होते.

साडेबारा झाले. भोंगा वाजला. अप्पांनी खिशातून दाणा काढला आणि पुढच्या दातांनी दोनदा दाबला.

समोरच्या ओट्यावर एक साठी उलटलेली बाई मांडीवर सूप घेऊन तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. एक दाणा उचलला, पदराला पुसला आणि तोंडात टाकला. तिचा जबडा हलला, आणि त्याच क्षणी अप्पांच्या जबड्यात मुंग्या आल्या. ती थांबली, मुंग्या थांबल्या. तिनं दाणा दाढेखाली घेतला आणि अप्पांच्या हाडात तो फुटला.

अप्पांना पुढं पाऊल टाकवेना.

बाईनं डोळ्यांवर हात धरून लिंबाखाली पाहिलं. दचकली नाही, उठली नाही. पदर तेवढा नीट केला.

"या, मिस्त्री," ती म्हणाली. "उनात कामून हुभे? लई दिवस लावले बगा."

अप्पा ओट्याच्या कडेला जाऊन टेकले. "तुम्ही मला ओळखता?"

"आता घ्या! मी अयोध्या. पंधरा वर्सं तुमच्या मिलमंदी निवडायला हुते. तोंडाला फडकं बांदलेलं, तुमी कशाला बगताव? पर आमी बगायचो. तुमचं बगूनच दाना फोडायला शिकले मी. दोनदा फुडं, मंग थांबायचं, मंग दाढंखाली. आख्ख्या लातुरात आसं दुसरं कोन खातंय?" ती हसली. तिचेही दात एकसारखे, अखंड कमानीचे होते. "कोजागिरीच्या आदल्या दिशी भोंगा झाला आन माज्या दातात दहीभात आला. मनात म्हनलं, भोंग्यावर जेवतंय म्हंजी मिलचंच मानूस. चार दिसांनी तुमी दाना फोडला, तवा कळलंच की."

"चार दिवसांत कळलं?" अप्पांचा आवाज चढला. "मग सहा महिने गप्प कशा बसलात? यायचं नाही का?"

"कुटं येऊ?" अयोध्याबाईनं शांतपणे विचारलं. "कारभारी जाऊन नऊ वर्सं झाली. ईधवा बाईनं मिस्त्रीच्या दारात जाऊन काय सांगावं? तुमचा घास माज्या दातात येतो म्हनून?"

अप्पांनी सुपातला एक दाणा उगाच बोटांत फिरवला.

"पर मी सांगितलं की तुमाला," ती म्हणाली. "आदी मी संकष्टी क्यालेंडर बगून सोडायची. चंद्र निगाला का न्हाई, कोन बगतंय? तुमी हाय हे कळलं तवापासून ठरवलं, सायलोच्या आडचा का असंना, चंद्र डोळ्यानं दिसल्याबिगर घास घ्यायचा न्हाई. उपाशी बसायची वट्यावर. म्हनलं, मिस्त्री हुशार मानूस, सायलो त्यांचेच. येळ मोजली की वळखतील, हिच्या चंद्राआड काय येतंय ते."

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं?"

"मी रत्नागिरीला गेलो होतो."

"कुटं?"

"रत्नागिरीला. तुम्हाला शोधायला. चौदा मिनिटं उशीर म्हणजे रत्नागिरी, असं कॅलेंडरात दिसलं."

अयोध्याबाई क्षणभर बघत राहिली आणि मग असं हसली, असं हसली की शेजारच्या ओट्यावरची पापड उलटणारी बाई मान वर करून बघायला लागली. हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. "आन मी हितं चंद्राची वाट बगत बसलेली," ती पदरातूनच म्हणाली.

चार दिवस अप्पा रोज भोंग्याआधी तिथं जात. चार दिवस दोघं एकमेकांसमोर बसून जेवली आणि तोच घास दातांतही येत राहिला. असं सुख कुणाच्या वाट्याला आलं असेल असं अप्पांना वाटत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर घास दिसायचा आणि हाडात कळायचा. पण दर घासाला अप्पांच्या मनात दिवस वजा व्हायचे. तीस तारखेला त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणखी थोडे दिवस चालू ठेवता येत नाही का? निदान माझाच घास मला असा लागेल, असं तरी करता येत नाही का?

"नाही हो अप्पा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. "स्वतःच्या दाताचा रेटा त्याच दातात कंप करून सोडला की यंत्र तोच कंप पुन्हा मोजतं. माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते ना, तसं होतं. दुसऱ्याचाच घास लागतो, स्वतःचा नाही. आणि पुण्याहून आज रात्री सगळं बंद होणार. तुमचा निकाल मात्र चांगला आलाय. हाड थांबलं. दहा वर्षं, संपूर्ण यशस्वी."

एक मेला भोंगा झाला. अयोध्याबाईनं सुपातला दाणा घेतला. अप्पा तिच्या जबड्याकडे बघत होते. तो दोनदा हलला, थांबला, पुन्हा हलला. अप्पांच्या हाडात काहीच आलं नाही. तोंड नुसतं तोंड होतं.

"आला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मलाबी तुमचा न्हाई आला."

त्या मुंग्यांची आठवण अप्पांना पुढेही रोज येत राहणार होती, हे त्यांना तिथंच कळून चुकलं. समोर बसलेल्या माणसाची आठवण यावी, हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मग अयोध्याबाईनं ओट्यावर पसरलेल्या तुरीतला एक दाणा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "सांगा. वाळली का?"

"मला नाही कळत आता," अप्पा म्हणाले. "चाळीस क्विंटल घालवली मी."

"ठाव हाय. ती बुरसटलेली डाळ मीच निवडली, धा दिस." तिनं स्वतःसाठीही एक दाणा घेतला. "मलाबी कळत न्हाई. दोगं मिळून फोडू आन सांगू. चुकली तर दोगांची चुकंल."

अप्पांनी दाणा तोंडात टाकला. दोघांनी दोनदा पुढच्या दातांनी दाबला, थांबून मग दाढेखाली घेतला. दोन दाणे एकदम फुटले.

"आणखी एक ऊन," अप्पा म्हणाले.

"दोन," अयोध्याबाई म्हणाली.

"बरं, दोन." अप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि वाळवणावर हात फिरवून तूर नीट पसरली. "मग उद्या पुन्हा बघावी लागेल."